बेबाबाईची कॅसेट

भाईदासनानांनी चोपड्यापासून पाचोऱ्यापर्यंत झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन करून ठणकावलं होतं, "वर्षश्राद्धाला या. बेबा स्वतः गाणार आहे!"

दोघा-तिघांनी घाबरून फोनच ठेवून दिला. बायको जाऊन वर्ष झालं, माणूस एकटा राहतो, डोक्यावर परिणाम झाला असेल!

पण नाना शुद्धीवर होते. मोबाईल समोर धरला की बेबाबाई तोंडावर पदर ओढायची. त्यामुळे तिचा आवाज कुठेच उरला नव्हता. आणि परवा कपाटात कॅसेट सापडली! वर तिच्याच अक्षरात 'कानबाईची गाणी'. श्रावणात कानबाई देवी बसली की बेबाबाईचं गाणं ऐकायला अर्धी मेहरूण वस्ती दारात यायची. नानांनी कॅसेट आधी वाजवूनसुद्धा पाहिली नाही. ऐकायची ती सगळ्यांसोबत!

गच्चीवर भोंगा चढला. पाहुणे अंगणात बसले. नानांनी डोळे पुसून टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

किर्रर्रर्र! चींऽऽऽ! खर्रर्रर्र!

नैवेद्याजवळ आलेला कावळा मेहरूण तलावाच्या दिशेने पळाला. ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून शेजाऱ्यांनी मेन स्विच बंद केले. गुरुजींच्या हातातली पळी त्यांच्याच मांडीवर उपडी झाली.

नानांची थोरली बहीण भागाबाई किंचाळली, "भाऊ, बेबा रागे भरनी शे! मीठमिरच्या ओवाळ!"

"थांबा!" बेबाबाईचा धाकटा भाऊ छगन उठला. "हा आवाज मी ओळखतो. दाजी, हा गेम आहे!"

"कसला गेम?"

"मी तुमच्याकडे टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आणला होता ना? त्याचे गेम कॅसेटवरच असायचे. वाजवलं की असंच किंचाळायचे."

नानांनी त्याची कॉलर धरली. "म्हणजे तू माझ्या बायकोच्या गाण्यांवर गेम भरलास?"

"देवाशपथ, मी नाही!"

"मग काय कानबाईनी भरा?" भागाबाई गरजली.

खरं-खोटं करायला माळ्यावरून तो कॉम्प्युटर उतरवला, जुना टीव्हीही उतरवला. जोडणी झाली. कॅसेट पुन्हा किंचाळली. सगळे पाहुणे पडद्याकडे डोळे लावून बसले. आत भात गार होत होता.

चित्र उमटलं. विटांचे मजले, शिड्या, सोन्याच्या हंड्या, एक काडीएवढा माणूस, त्याच्या मागे लागलेले चोर. आणि वर इंग्रजी अक्षरांत नाव: बेबा.

भागाबाईने पडद्यालाच हात जोडले.

"ताईनेच भरलंय," छगन पुटपुटला. "या गेममध्ये आपला स्वतःचा डाव रचून कॅसेटवर ठेवता यायचा. आधीचे सगळे डाव तिने सोडवले होते."

"माझी बेबा? गेम?" नाना पडद्याजवळ सरकले. "मी तर समजायचो, दुपारी पोथी वाचते!"

त्यांनी कळ दाबली. माणूस शिडी चढला, वीट खणली आणि त्याच खड्ड्यात पडला. वरून वीट भरली. गेला! पुन्हा सुरू. पुन्हा गेला!

"डावीकडे, यजमान, डावीकडे!" गुरुजी ओरडले.

"इकडून नाही हो, शिडीवरून!"

"भाऊ, पय! मांगे चोर शे!"

सगळ्या हंड्या मिळाल्या, वरची एक सोडून. छगनने नाक पडद्याला टेकवून पाहिलं आणि तो हसायलाच लागला.

"दाजी, सोडा नाद. तिच्या चारी बाजूंना न फुटणारी भिंत आहे. ही हंडी मिळूच शकत नाही!"

"असा कुठे डाव असतो?"

"तुम्ही रोज दुपारी पत्ते कुटायला जायचात ना! ताई म्हणायची, 'असा डाव रचते की हा माणूस घरातून उठणारच नाही.' पण तिने दाखवायच्या आधीच तुम्ही मशीन माळ्यावर टाकलंत."

लोक चपला शोधायला लागले. गुरुजी खाकरले. "यजमान, पानं वाढायची का?"

"तुम्ही बसा हो जेवायला," नाना पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मी एवढी हंडी घेऊन आलोच!"