गयाआत्यानं नांदायला दिलेल्या कोंबड्या

आमच्या गावात पोरीला स्थळ मिळायचं, पण गयाआत्याकडून कोंबडी मिळणं महाकठीण. कोंबडी विकायची असते, हे तिच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. ती अर्धलीनं द्यायची. म्हणजे कोंबडी कायम तिचीच, दाणापाणी आपलं, आणि पिल्लं निघाली की निम्मी आपली, निम्मी तिची. हा रिवाज बेंबळीच्या आसपास सगळीकडंच होता, त्यात नवल नाही. नवल हे, की आत्या कोंबडी ‘दिली’ म्हणत नसे. “नांदायला दिली” म्हणे. आणि नांदायला द्यायची म्हणजे आधी घर बघणं आलं.

आमचं लग्न नवं होतं तेव्हा बायकोनं हौसेनं एक कोंबडी मागितली. आत्या शेजारचीच, भिंतीला भिंत लागून. तरी पदर खोचून रीतसर घर बघायला आली आणि चुलीपुढं बसली.

“मांजर हाय?”

“न्हाय.”

“मालक पितो का?”

मालक म्हणजे मी. गावच्या शाळेतला मास्तर, तिच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला. मी तोंड उघडेपर्यंत पुढचा सवाल आलासुद्धा.

“पावणेरावळे लई येत्यात का?”

“येत्यात की,” बायको अभिमानानं म्हणाली. “माझा भाऊ तर दर बाजाराला असतोय.”

झालं! आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. “मंग न्हाय जमायचं.” ज्या घरी पाहुणा फार, त्या घरी कोंबडीला आयुष्य कमी, असा तिचा सरळ विचार. पुढं मेव्हण्याला लांब नोकरी लागली तेव्हा कुठं आमच्या दारी एक तांबडी कोंबडी आली. मेव्हण्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, कारण ती गावची लेक. ऐन तरुणपणी सासरहून परत आली ती कायमची. का आली ते ती सांगत नसे, आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. भावानं अंगणाचा एक कोपरा दिला, आईनं एक तांबडी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी दिली. त्या एका तलंगीपासून आत्यानं आपला वाण वाढवला. तिचं म्हणून जगात जे काही होतं, ते एवढंच. ते मोडू द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आता वाण राखायचा म्हणजे रोज उठून लढाई. बोका, मुंगूस, भटकी कुत्री आणि वरून घार. घार दिसली की आत्या पायातली चप्पल काढून आभाळात भिरकवायची. घारीला ती कधीच लागली नाही. पण तिची एक चप्पल कायम कुणाच्या ना कुणाच्या माळवदावर असायची आणि आत्या एका पायात चप्पल घालून गावभर हिंडायची.

शेजाऱ्यांशी वेगळीच लढाई. कोंबड्यांनी कुणाची वाळत घातलेली ज्वारी विस्कटली, कुणाचा मेथीचा वाफा उकरला की बायका भांडायला यायच्या. आत्याचं उत्तर ठरलेलं असायचं. “माझं काय म्हणणं न्हाय, पर...” आणि ह्या ‘पर’च्या पुढं तिचं म्हणणं निम्मी सकाळ चालायचं. आमच्या सांडग्यांवर कोंबड्या तुटून पडल्या, तेव्हा बायको तणतणत गेली. आत्या म्हणाली, “माझं काय म्हणणं न्हाय, पर बाई, सांडगं भुईच्या इतकं जवळ वाळत घालावं का माणसानं?” बायको तशीच घरी आली आणि तिनं सगळा राग माझ्यावर काढला. संध्याकाळी मात्र आत्या पदराखाली अंडी घेऊन गुपचूप दारात. नुकसान तिनं कुणाचं ठेवलं नाही. त्यापायी तिच्या स्वतःच्या ताटात अंडं कधी पडलं असेल असं मला वाटत नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला. माणसांनाच रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी, तिथं कोंबड्यांना दाणा कोण घालणार? लोकांनी कोंबड्या एकतर विकल्या नाहीतर कापल्या. आत्या खडी फोडायच्या कामावर गेली ती डोक्यावर डालगं घेऊन, आणि डालग्यात कोंबड्या! कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड खाऊ वाटायचे. तिचा भुगा सांडतो तो ह्यांना, असा तिचा बेत. मुकादम कावला. “आत्या, हजेरी कुणाकुणाची लावू?”

“माझीच लाव. ह्या बिनपगारी हायत.”

दिवसभर ती खडी फोडायची, भुगा वेचायची आणि टँकरच्या नळाखाली ठिबकणारं पाणी करवंटीत धरायची. पाऊस पुन्हा सुरू झाला तेव्हा आत्या काडीसारखी झाली होती, पण वाण शाबूत होता.

मग काही वर्षांनी सहकारी सोसायटीनं पांढऱ्या कोंबड्यांची योजना आणली. जीपमधून साहेब आले. चावडीपुढं पिंजरा ठेवून त्यांनी माहिती दिली. आत्या पुढंच बसलेली.

“सायेब, ह्या खुडूक बसत्यात का?”

“नाही बाई, या अंड्यांवर बसत नाहीत. नुसती अंडी देतात. पिल्लं यंत्रात निघतात.”

“आन् मंग त्येंची आई कोन?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस मात्र भला. जाताना कळवळून म्हणाले, “बाई, कोंबड्या कुठल्याही पाळा, पण मानमोडीची लस तेवढी टोचून घ्या.” आत्या उसळली. “माझं काय म्हणणं न्हाय, पर धडधाकट पोरीला सुया टोचायच्या, ह्ये कुठलं शानपन?”

साहेबांचं खरं होतं. पुढच्याच उन्हाळ्यात गावात मानमोडी आली. लस टोचलेल्या पांढऱ्या कोंबड्या पिंजऱ्यात मजेत होत्या. आत्याच्या कोंबड्यांच्या माना वाकड्या झाल्या, पंख गळले आणि बघता बघता खुराडं रिकामं झालं. गावात नांदायला दिलेल्याही गेल्या, आमचीसुद्धा. मला वाटलं, म्हातारी आता अंथरूण धरणार. कसलं काय! तिनं खुराडं धुतलं, चुना फासला, डालगं उन्हात तापवलं. जागा चांगली कोरडी पडू दिली. आणि जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरला तावातावानं विचारून आली, “ती तुमची सुई कधी टोचत्यात?”

मग भिंतीवरून डोकं आलं. “मास्तरा, रत्नीकडं एक नांदतीया अजून. माझा वाटा आणाया जायाचं हाय. चल.”

रत्ना ही आमच्या गल्लीतली पोर, येरमाळ्याच्या अलीकडं एका फाट्यावर दिलेली. लग्नात आत्यानं तिच्याबरोबर एक तलंग नांदायला धाडली होती. धाराशिवला गाडी बदलून आम्ही पोचलो. घर रस्त्याला लागूनच. रत्नाच्या नवऱ्यानं “जयभीम मास्तर” म्हणत बाज टाकली, रत्नानं चहा ठेवला. अंगणात तांबडी कोंबडी हिंडत होती आणि तिच्या मागं कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं. आत्याचा चेहरा असा काही उजळला, की मी दुसरीकडं बघितलं.

“आत्या, तुमच्या हातानंच वाटा करा,” रत्ना म्हणाली.

आत्यानं वाटा चोख केला. एक हिकडं, एक तिकडं. कुठलं गुटगुटीत, कुठलं मरतुकडं, तेही बघून. मग कोंबडी उचलून आपल्या पिल्लांबरोबर डालग्यात घातली. रिवाजानं कोंबडी तिचीच होती. आणि ती नेल्याशिवाय घरी वाण उभा राहणार नव्हता.

रत्ना उरलेल्या पिल्लांकडं बघत म्हणाली, “न्या आत्या. ह्यास्नी म्या चुलीपाशी ठिवीन.” पण पिल्लं फार लहान होती. ती जगणं कठीण, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहिलो. अंगणातून पिल्लांचं चिवचिव ऐकू येत होतं. थांबतच नव्हतं. डालग्यात कोंबडी पंख आपटायला लागली. आत्या रस्त्याकडं तोंड करून ताठ उभी.

गाडी आली. मी पायरीवर पाय ठेवला. आत्या जागची हलली नाही.

“चला की आत्या. कंडक्टर वरडतोय.”

“तू जा, मास्तरा. समद्यांला पंख फुटस्तवर म्या हितंच ऱ्हाते. मंग माझा वाटा घिऊन यीन.”

“अहो, पण कोंबडी तुमचीच आहे. रिवाजच आहे तसा.”

“सासरच्यांचाबी रिवाजच हुता.” तिनं डालगं काखेत घट्ट धरलं. “मला माघारी धाडली तवा लेकरू अंगावर पीत हुतं. त्येंचं म्हनून त्येंनी ठिवून घेतलं. त्ये लई दिस जगलं न्हाय. कसं आरडलं आसंल, ते मला ऐकाया आलं न्हाय. ह्ये ऐकाया येतंय.”

मी गाडीत चढलो. कंडक्टरनं घंटी मारली. मागच्या काचेतून बघितलं, तर आत्या रत्नाच्या घराकडं भराभरा चालत निघाली होती, जवळजवळ पळतच, आणि डालग्यावर वाकून आतल्या कोंबडीला काहीतरी समजावत होती.