टीव्हीतल्या मोटारीची पाळी

अंथुर्णे येथील आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात एक मोटार आली. तिला चाकं, इंजिन, नंबर, परवाना काहीच नव्हतं, कारण ती टीव्हीच्या आत होती. माझ्या लेकीचा, दिशाचा मामा, बुद्धघोष, पुण्याहून रेल्वेने भिगवणला उतरला, तिथून जीपला लोंबकळत घरी आला आणि भाचीच्या वाढदिवसाला त्याने व्हिडिओ गेम दिला. एक डबडं, एक कॅसेट आणि वायरीच्या टोकाला हातात धरायचं बटणांचं यंत्र. कॅसेट लावली की पडद्यावर लाल गाडी उभी राही आणि बटण दाबलं की सुसाट सुटे.

मामा दुसऱ्या दिवशी परत गेला. दिशाने गाडी सुरू केली आणि पहिल्याच वळणावर झाडावर घातली. तोवर खोलीत अर्धी आळी जमली होती.

"आगं, ब्रेक, ब्रेक!"

"पोरीच्या हातात कशाला दिली गाडी? आण हिकडं."

यंत्राची ओढाओढ सुरू झाली तेव्हा आबाजी उठून उभे राहिले. आबाजी म्हणजे आमच्या आळीतले, कालव्यावरचे निवृत्त पाटकरी. कुणाच्या रानात कधी पाणी सोडायचं हे ठरवण्यात त्यांची सारी नोकरी सरली. त्यांनी हात वर केला की आजही माणसं गप्प होतात.

"भांडायचं न्हाय," आबाजी म्हणाले. "पाण्यासारखीच पाळी लावू. शेपटाकडनं सुरुवात, मग वर वर सरकत तोंडाकडं. कायदाच हाय तसा."

कायदा न्याय्य होता. कालव्याच्या शेवटच्या माणसाला पाणी आधी, तोंडाशी बसलेल्याला शेवटी. त्यानुसार टीव्हीपासून सर्वांत लांब बसलेल्याचा नंबर पहिला लागला. दिशा टीव्हीला नाक लावून बसली होती. ती शेवटची.

ही तरतूद जाहीर होताच खोलीतली माणसं मागे सरकू लागली. उंबऱ्यावरचे ओट्यावर गेले, ओट्यावरचे अंगणात. तिथून टीव्ही दिसत नव्हता, पण नंबर लवकर लागत होता. शेजारचे बाजीराव तर रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसले आणि तिथून ओरडले, "माझ्या मागं कोन हाय का बघा रे!"

पहिला मान मात्र सोसायटीचे संचालक हिंदुराव यांना मिळाला. ते कुठेही बसले तरी शेवटचेच धरावेत, असं आबाजींनी सुचवलं. हिंदुरावांनी यंत्र दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि गाडी बैलगाडीच्या चालीने हाकली. पुढे एक निळी गाडी होती.

"तात्या, मारा की ओव्हरटेक!" पोरं ओरडली.

"गप रं. आत कोन बसलंय ठाव हाय का? उगं मोठ्या मान्साच्या म्होरं जायचं आन् उद्या उसाला तोड मिळायची न्हाय."

निळी गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते अदबीने मागे राहिले. वेळ संपली, गाडी थांबली.

"आसं कसं? मुदतवाढ द्या," हिंदुराव म्हणाले. मुदतवाढ मिळाली. दोनदा मिळाली.

मग माझ्या सासूबाईंचा, चतुराबाईंचा नंबर लागला. त्यांनी पदर खोचला आणि विचारलं, "भिगवनला जाती का गं ही? जात आसंल तर मासळी आनू." गाडी वेगात निघाली तशा त्या किंचाळल्या, "थांबव! उतरव मला!" आणि यंत्र फेकून थेट स्वयंपाकघरात गेल्या.

नंबर पुढे सरकत सरकत दिशापाशी आला की वीज जाई. वीज आली की आबाजी म्हणत, "पाळी मोडली. आता परत शेपटाकडनं." असं रोज होऊ लागलं. माझी लेक रोज वेणी घालून टीव्हीपाशी बसे आणि दुसऱ्यांच्या गाड्या झाडांवर आदळताना बघे. एक दिवस तिने धीर करून विचारलं, "आबा, गेम माझाय ना?"

आबाजी मायेने हसले. "मालकी येगळी, पाळी येगळी, बाळा. कालवा ज्याच्या रानातनं जातो, त्यो काय वाकून पानी पितो व्हय?"

पोरीने नुसता फ्रॉकचा बंद तोंडात घातला. ती तो कधी चावते ते मला ठाऊक आहे. मी पदर डोक्यावर घेतला, ओट्यावर गेले आणि लहान मुलांसाठी एक पाळी राखीव ठेवावी, असं सांगितलं.

विषय गंभीर होता. त्यासाठी सभा बोलवावी लागली. अंगणात सतरंजी आली, खुर्च्या आल्या, हिंदुराव अध्यक्ष झाले. लहान म्हणजे किती लहान, यावर चर्चा सुरू झाली. बाजीरावांचं म्हणणं होतं की मनाने लहान असलेल्यांचाही विचार व्हावा. सगळी आळी अंगणात होती. खोली रिकामी होती आणि वीज होती.

दिशा आत गेली. तिच्यामागे मी गेले आणि आतून कडी लावली.

पहिल्यांदा ती झाडावर गेली, दुसऱ्यांदा खांबावर. तिसऱ्यांदा गाडीने वळण घेतलं आणि बाजूला निळंशार पाणी आलं.

"आई, समुद्र!"

"भिगवणच्या धरणाच्या पाण्याएवढा का गं?"

"मोठा! आणि बघ, एक एक गाडी मागं पडतीय." जीभ बाहेर काढून, वळणावर अख्खी कलंडत ती चालवत होती. मी तिला मागून धरून बसले. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली धाडधाड उडत होतं.

तेवढ्यात बाहेर टाळ्या झाल्या. ठराव एकमताने मंजूर. दारावर आबाजींची थाप पडली.

"सूनबाई, दिशाला भायेर धाडा! तिचा सत्कार हाय. पाळी दिल्याबद्दल तिनं दोन शब्द बोलायचं हायेत."

"आई, आत्ता थांबले तर सगळे पुढं जातील," ती पडद्यावरची नजर न काढता कुजबुजली.

"ती झोपलीय हो!" मी आतून ओरडले. घर्र घर्र आवाज खिडकीतून अंगणभर येत होता, पण ठराव मंजूर झाल्यावर आवाजाकडे कोण लक्ष देतो?

सत्कार अडला नाही. बालकांच्या वतीने हिंदुरावांनी हार घालून घेतला, आबाजींनी आभार मानले आणि बारामतीहून बोलावलेल्या फोटोवाल्याने फोटो काढला. फोटो फार चांगला आला आहे. पुढच्या रांगेत खुर्च्या आहेत, मागे उभे मान्यवर आहेत, सासूबाईसुद्धा आहेत. मूल एकही नाही.

हसा खुशाल. पण तुमच्याही भिंतीवर तुमच्या लेकराच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो असेल, तो जरा खाली काढा. मधोमध कोण उभं आहे, सुरी कुणाच्या हातात आहे ते बघा. आणि ज्याचा वाढदिवस तो कुठल्या कोपऱ्यात, कुणाच्या काखेत रडतोय, ते सावकाश शोधा.