बाईंचा पांढरा गणवेश

बाईंच्या गणवेशावर चहा सांडला तेव्हा धांदलराव चहा पीतसुद्धा नव्हते. गणवेश नीट टांगला आहे ना, एवढंच बघायला ते कप हातात घेऊन गेले होते. (ते एखादी गोष्ट नीट आहे का बघायला गेले, की ती नीट राहत नसे.)

बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत खेळ शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे. नवराही तेच म्हणे, कारण दुसरं काही म्हणायची त्याची छाती नव्हती. बावीस वर्षं त्यांनी पोरींना पोहायला शिकवलं होतं. यंदा शहरात पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा आल्या आणि बाईंची जलतरणाच्या पंचांमध्ये निवड झाली. पोहणाऱ्याने वळताना भिंतीला स्पर्श केला की नाही, हे त्यांनी बघायचं होतं. त्या दिवसापासून धांदलराव घरातल्या भिंतीलाही जपून टेकत होते. प्रत्येक पंचाला एकच गणवेश, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. पांढरा शर्ट, पांढरी पँट. पहिली शर्यत दुपारी चारला होती आणि गणवेशाशिवाय आत सोडत नव्हते.

बाई सकाळीच शाळेत गेल्या होत्या. नळाला पाणी नव्हतं, कारण स्पर्धेचा तलाव भरायला सगळ्या वस्तीचं पाणी वळवलं होतं. शर्टाच्या खिशावर आणि पँटच्या गुडघ्यावर चहा पसरत चालला होता. धांदलरावांनी आधी बाईंचा फोन येईल या भीतीने स्वतःचा फोन बंद केला. मग त्यांना एक कल्पना सुचली, आणि इथून पुढचं सगळं त्या कल्पनेचं कर्तृत्व.

धांदलराव क्रीडाग्रामाच्या धोबीखात्यात नोंद-कारकून होते. तिथली पद्धत सोपी होती. खेळाडूचे कपडे जाळीच्या पिशवीत, पिशवीला खोलीचा नंबर. पिशवी बंदच धुवायची, बंदच वाळवायची आणि बंदच खोलीवर पोचवायची. एक किलोच्या आतली पिशवी मात्र घ्यायची नाही. (ही नोटीस त्यांनी स्वतःच भिंतीला चिकटवली होती, तीही आधी उलटी.) गणवेश भरेना एक किलो. म्हणून त्यांनी सोबत आपला रेघारेघांचा जुना पायजमा कोंबला. नंबर टाकला सातव्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीचा, म्हणजे पिशवी कुठे जाणार नाही आणि साडेदहाला आपसूक हातात येईल.

साडेदहाला पिशवी नव्हती. अकराला नव्हती, एकलाही नव्हती. धांदलराव यंत्रांच्या रांगेतून इतक्या वेळा गेले की इस्त्रीवाल्याने त्यांना एकदा स्टूल दिलं आणि एकदा पाणी. शेवटी गाडीवाला म्हणाला, "ती खोली भरली ना साहेब. वजन उचलणाऱ्यांची टीम आली सकाळी. पिशवी देऊन आलो मी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कालच्या यादीवर तुमचीच सही आहे."

सही त्यांचीच होती. यादी वाचायची राहिली होती.

लिफ्टमध्ये बास्केटबॉलवाले उभे होते, त्यांच्या गुडघ्यांतून वाट निघेना. धांदलराव सात मजले जिन्याने चढले. दार उघडणाऱ्या माणसाने अख्खी चौकट भरून टाकली होती, आणि त्याच्या अंगात तो रेघारेघांचा पायजमा होता. यजमानांनी पाहुणचारात दिला असं समजून त्याने धांदलरावांना कडकडून मिठी मारली. बरगड्या जागेवर आल्यावर धांदलरावांनी खाणाखुणा सुरू केल्या. कपडे चोळून दाखवले, पोहून दाखवलं, रडूनही दाखवलं. पहिलवानाने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मग धांदलरावांनी कमरेवर हात ठेवून डोळे वटारले आणि एक बोट हवेत उगारलं. आतल्या खुर्चीतला म्हातारा प्रशिक्षक ताडकन उठला, त्याने कपाट उघडलं आणि स्वच्छ पांढरा गणवेश त्यांच्या हातात ठेवला. तो लग्न झालेला असावा. पायजमा मात्र पहिलवानाने सोडला नाही.

तोवर दोन वाजून गेले होते. सायकल शर्यतीसाठी रस्ते बंद, बस बंद. तलाव आठ किलोमीटरवर. घामाचा डाग पडू नये म्हणून गणवेश डोक्यावर उंच धरून धांदलराव फुटपाथवरून पळत सुटले. लोकांना वाटलं, हा कुणाचा तरी झेंडा आहे. त्यांनी जल्लोष केला. एका स्वयंसेविकेने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त बाई दिसत होत्या. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींसाठी काठावरून शिट्टी वाजवणारी आपली बायको आज फाटकाबाहेर उभी राहणार, आणि तेही आपल्यामुळे, या विचाराने त्यांना खरोखर रडू येत होतं.

चारला दहा मिनिटं कमी असताना ते फाटकाशी पोचले. पंचांचा गणवेश आणलाय, एवढंच त्यांना म्हणता आलं. पहारेकऱ्याने आत निरोप पाठवला.

बाई बाहेर आल्या. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री.

धांदलरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या गणवेशाकडे. "हा कुठला?"

"दुसरा. शाळेच्या कपाटात ठेवला होता," बाई म्हणाल्या. "सकाळपासून तेच सांगायला फोन करतेय."

"पण प्रत्येकाला एकच देत होते ना?"

"कारण लिहून अर्ज केला की दुसरा देतात."

"काय कारण लिहिलंत?"

बाईंनी त्यांच्या कपाळावरचा घाम रुमालाने टिपला आणि गळ्यातली शिट्टी सरळ केली.

"घरी नवरा आहे, असं लिहिलं. साहेबांनी पुढे काही विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, दोन पुरतील ना?"