अंबूमावशींची सलामी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि अक्षरही कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, त्याबद्दल माफी असावी. पण अंबूमावशींबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

मावशी आमच्या शेजारी एकट्याच राहायच्या. उरणकडून मिठाच्या बैलगाड्या रोज सकाळी आमच्या आळीतून पनवेलच्या बाजारात जात. मावशी चापूनचोपून नऊवारी नेसून ओट्यावर ताठ उभ्या राहत आणि शेवटची गाडी जाईपर्यंत सलामी घेत. पुढच्या गाडीवरून पांडूदादा ओरडायचा, "बाय, फौज आली गो!" मावशी हसत नसत. नुसती मान हलवत.

हे सगळं आमच्या ह्यांच्यामुळे झालं. कुठल्याशा राज्यावर बाई गव्हर्नर नेमली, ही बातमी ह्यांनी मोठ्याने वाचली. मावशींनी ओट्यावरून विचारलं, "काम काय असतं?"

"सह्या करायच्या, सलामी घ्यायची, पाहुण्यांना चहा द्यायचा."

"मग मला जमेल."

तेव्हापासून एकच पालुपद. करंजा बंदरावरची कोळीण आली की म्हणायच्या, "घासाघीस गव्हर्नराला शोभत नाही. तूच भाव कमी कर."

"गवर्नर झालीस तं बोंबील फुकट खाशील काय गो?"

पुढे नगरपालिकेची निवडणूक आली. सुरुवात खालून करायची म्हणून मावशींनी अर्ज भरला. समोर भातगिरणीचे शेठ, आणि आमचे हे शेठचे प्रचारक! डिपॉझिटला पैसे कमी पडले तेव्हा मावशी माझ्या मागच्या दारी आल्या. तांदळाच्या डब्यात साठवलेले सगळे मी ह्यांना न सांगता दिले.

मावशींना निशाणी मिळाली बैलगाडी. झालं! मिठाची प्रत्येक गाडी झेंडूची माळ घालून "बायला मत द्या" ओरडत फिरू लागली. शेठ चिडले. हे मात्र पोट धरून हसले. "अगं, त्या गाडीवाल्यांची मतं त्यांच्या गावांत! इथे एकालाही मत नाही. बाईंचं डिपॉझिट बुडणार."

माझ्या डोळ्यांपुढे तांदळाचा डबा आला. त्या दुपारी मी जन्मात पहिल्यांदा आळीतल्या घरोघरी मागच्या दाराने गेले. बोलायचं जमेना. प्रत्येकीला नुसतं "गाडी" म्हणायची आणि पळून यायची.

मावशी पडल्या. पण डिपॉझिट वाचलं.

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा. गाड्या येऊन थांबल्या, आळी तुंबली. पांडूदादा ओरडला, "बाय, भायेर या! सलामी घेतल्याबिगर बैल हलनार नाय."

"मी पडले रे पांडू," आतून आवाज आला.

"पडल्या तं पडल्या. आमाला हितं मत नाय, ती काय आमची चूक हाय? आमच्या गवर्नर तुमीच."

मावशी बाहेर आल्या. डोळे सुजलेले, पण हात वर गेला.

गाड्या गेल्यावर मी धीर करून विचारलं, "मावशी, रोज कशाला उभ्या राहता हो?"

"अगं, उठल्यावर कुणीतरी हाक मारायला हवी ना."

मावशींना डिपॉझिट परत मिळालं त्या दिवशी मी मागचं दार उघडून बसले होते. मावशी पुढच्या दाराने आल्या. हे पेपर वाचत होते.

"मागच्या दाराने येणं गव्हर्नराला शोभत नाही," मावशी म्हणाल्या. मग ह्यांच्याकडे वळल्या, "मला निवडणुकीला उभं केलं ते हिने, बरं का."

ह्यांचा पेपर खाली आला. मी पदर पुढे केला. मावशींनी त्यात टाकलेले पैसे पूर्ण होते.