हरिभाऊंच्या अंगणातला थांबा

आगपेट्यांची घरं. दाढीच्या जुन्या ब्रशाची बाभूळ. लाल टिकलीचा सिग्नल. मूठभर सरकी, म्हणजे कापसाच्या जिनिंगचं आवार. साबणदाणीवर पिवळा रंग, त्यावर काळ्या अक्षरांत: सिंदी (रेल्वे).

निवृत्त स्टेशनमास्तर हरिभाऊंनी बोरगाव मेघेच्या आपल्या अंगणात पुलगाव ते सिंदी असा अख्खा मुलूख मांडला होता. त्यात विजेवरची एक्स्प्रेस फिरायची.

"रविवारी उद्घाटन," ते बायकोला म्हणाले. "गाडी वेळापत्रकाबाहेर एक सेकंद जाणार नाही. गेली तर रूळ उपटून अंगण तुला परत."

शरयूताईंनी मान डोलावली. तीन उन्हाळे त्यांच्या पापडांना जागा नव्हती.

रविवारी सिंदीहून कापसाचे दलाल नत्थूजी गाव घेऊन आले. गाडी वर्ध्याला थांबली, सिंदीवरून मात्र सुसाट गेली.

"मास्तर, थांबली नाई."

"एक्स्प्रेस आहे. सिंदीला थांबा नाही."

"खऱ्या गाडीले नसन. हे तर तुमच्या अंगणातली हाय."

"नियम तो नियम."

"खेळण्यातबी नाई थांबून राह्यली बापा," नत्थूजींच्या पत्नी आनंदाबाई म्हणाल्या.

नत्थूजींनी धोतर सावरलं आणि रुळाशेजारी बसकण मारली. रेल रोको! पाठोपाठ सगळे बसले. जागा पुरेना, म्हणून आनंदाबाई वर्ध्याच्या मालधक्क्यावरच्या कापसाच्या गाठींवर टेकल्या.

"बाई, उठा, ते वर्धा आहे!"

"असू द्या. चांगलं मऊ हाय."

हरिभाऊंनी कपाळाला हात लावला. "वरून आदेश आल्याशिवाय थांबा देता येत नाही हो."

नत्थूजींनी वर पाहिलं. "वरतं तर तुमचा लेंगा वाळून राह्यला."

तेवढ्यात गाडी फिरून आली. सिंदीच्या फलाटाला लागली. आणि थांबली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नत्थूजींनी हार घातला, त्याखाली इंजिनासह चार डबे गडप झाले. "मास्तर, मन मोठं हाय तुमचं," ते म्हणाले. हरिभाऊंनी चालूच असलेल्या बटणाकडे पाहिलं आणि हात जोडले. दोन मिनिटांनी गाडी हार ओढत आपसूक निघाली.

त्याच संध्याकाळी वेळापत्रक बदललं: सिंदी, दोन मिनिटं. म्हणजे गाडी वेळापत्रकाबाहेर गेलीच नाही. अंगण रेल्वेकडेच राहिलं. आता दर रविवारी माणसं येतात ती गाडी धावताना बघायला नव्हे, थांबताना बघायला. पुलगाववाले पाच मिनिटं मागतायत. शरयूताई पापड विकत आणतात.

उद्घाटनाच्या दिवशी गाडी सिंदीत शिरत असताना शरयूताईंनी पाहुण्यांच्या चटणीसाठी स्वयंपाकघरातला एक प्लग काढून तिथं दोन मिनिटं मिक्सर लावला होता.