जगूकाकांचा नारळ आणि मोरीवरचा देव

जगूकाका पाटील सरकारी कामांचे नारळ स्वतःच फोडतात. काम मंजूर झालेलं नसतं, कागद जागचा हललेला नसतो, सरपंचांच्या स्वप्नातसुद्धा ते काम आलेलं नसतं, आणि इकडे जगूकाका नारळ फोडून मोकळे!

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हाला इथे राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. आमचं गाव अर्नाळ्याच्या रस्त्याला. तसं अजून गावच, ग्रामपंचायतीचं. फक्त एका कडेला तीन बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, त्यातल्या मधल्या बिल्डिंगीत आम्ही. सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर गेटसमोरच्या खांबाला एक सत्तरीचे गृहस्थ हळदकुंकू लावत होते. खाली अर्धी चड्डी, वर मात्र कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

मी चिपळूणची. गप्प राहणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. "अहो, हे काय चाललंय?"

"दिव्याचं भूमिपूजन."

"दिवा मंजूर झालाय?"

"व्हईल की! नारल फुटला, विषय मिटला!" आणि फाटकन नारळ आपटला. पाणी सगळं माझ्या गाऊनवर. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. देवाचं म्हणून मी तो खाल्ला आणि तिथेच फसले.

"खोबरं खाल्लंत ना, वयनी? मग मंगलवारी ग्रामपंचायतीत यायचं. दिवा मागायला."

बघा, ही त्या माणसाची युक्ती! लोकांना वाटतं म्हातारा सटकलेला आहे. सटकलेला वगैरे काही नाही, पक्का मुरलेला आहे. प्रसाद खाल्लेल्या माणसाला नंतर 'मला वेळ नाही' म्हणायची लाज वाटते, हे त्यांनी बरोबर हेरलंय. रिक्षावाले, भाजीवाल्या, शाळेतल्या बाई, पलीकडच्या आळीतल्या चर्चच्या सिस्टर, सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी खोबरं चारलेलं आहे. आणि कुणी खाल्लं हे ते विसरत नाहीत. मंगळवारी मी 'बघू जाऊन' म्हणत गेले, तर ग्रामपंचायतीत उभं राहायला जागा नाही! सगळी खोबरं खाल्लेली माणसं. दिवाळीच्या आत आमच्या गेटवर दिवा लागला.

"पुढारी नारल फोडतात नि विसरतात," काका मला म्हणाले. "मी फोडतो नि विसरत नाय. येवढाच फरक."

एकदा तर नळाच्या पाइपाची फाइल अडली होती, म्हणून ते नारळ घेऊन थेट ग्रामसेवकांच्या केबिनमध्ये शिरले. बोलले काहीच नाहीत. नुसते नारळ हातात तोलत फोडायला जागा शोधत राहिले. इकडे बघ, तिकडे बघ, मग नजर टेबलावर. टेबलाला नवी काच होती. ग्रामसेवक म्हणाले, "काका, थांबा थांबा, करतो सही!"

पण मोरीची गोष्ट वेगळी. ती सांगताना मला अजूनही स्वस्थ बसवत नाही.

गावातून मोठ्या रस्त्याला जाताना खाडीजवळ रस्ता खोलगट होतो. तिथे रस्त्याखालून पाणी जायला एक जुनी मोरी होती, म्हणजे नावाला. गाळानं केव्हाच बुजलेली. पावसाळ्यात मोठी भरती आली की पाणी रस्त्यावर, गुडघ्याएवढं. रिक्षा बंद, शाळेची व्हॅन बंद. बाजारात जाणाऱ्या भाजीवाल्या डोक्यावर पाटी आणि हातात साडीचा घोळ धरून त्या पाण्यातून जायच्या. आम्ही बिल्डिंगवाले लांबच्या रस्त्यानं वळसा घालून स्टेशन गाठायचो आणि व्हॉट्सॲपवर संताप करायचो. संतापानं मोरी होत असती तर आमच्या ग्रुपनं समुद्रावर पूल बांधला असता.

त्या वर्षी पंचायतीकडे निधी आला. एक काम होईल एवढा. आणि सरपंचांच्या मनात होती कमान! गावाच्या तोंडाशी भव्य कमान, दोन्ही बाजूंना हत्ती, वर गावाचं नाव आणि त्याखाली, आता ओघानं आलंच, सरपंचांचं नाव.

ग्रामसभेच्या आधीचे पंधरा दिवस जगूकाका नारळावर नारळ फोडत सुटले. आळीआळीत, बिल्डिंगीच्या जिन्यात, मासळीबाजारात. मी स्वतः त्यांच्याबरोबर तिन्ही बिल्डिंगींत दारं वाजवत फिरले. एरवी शेजारीण आजारी पडली तर तीन दिवसांनी कळतं मला! पण काय अंगात आलं होतं कोण जाणे. 'मोरी पाहिजे' हे माझ्या तोंडून इतक्यांदा निघालं की नवरा म्हणाला, तू झोपेत पण बोलतेस.

ग्रामसभेला शाळेचं पटांगण भरलं. सरपंच उभे राहिले, "कमानीमुळे गावाची शान वाढेल."

काका उठले. "बाला, शान वाढेल, पन त्या कमानीखाली पावन्यांना पोहत यायला लागेल त्याचं काय?"

पटांगण हसलं आणि हात वर झाले. मोरी! मोरी! मोरी! मी दोन्ही हात वर केले होते, ग्रामसेवकांनी एक खाली घ्यायला सांगितला.

ठराव झाला. एकच अट, मार्च संपायच्या आत काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर निधी परत. आणि काकांना दुसरी धास्ती. मोरी ऐन खोलगट जागीच व्हायला हवी, तिथेच पाणी येतं. पण थोडं पुढे सरपंचांच्या मेव्हण्याचा प्लॉट. मोरी तिकडे सरकली तर प्लॉटचं पाणी निघेल आणि रस्ता आहे तसाच बुडेल. म्हणून काकांनी काय केलं, कुठूनसा एक मोठा चपटा काळा दगड हातगाडीवर घालून आणला, बरोब्बर जागेवर रस्त्याकडेला बसवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडला. खूण पक्की!

इथे घोटाळा झाला.

हळदकुंकवाचा दगड दिसला की आपल्या माणसांचे हात आपोआप जुळतात. आमच्या बिल्डिंगीतल्या बायका संध्याकाळी तिकडून फिरायला जायच्या. एकीनं फूल वाहिलं. दुसरीनं पणती लावली. कुणीतरी बाथरूमच्या उरलेल्या टाइल्स आणून चौथरा केला. मग घंटा आली. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाईंचा मुलगा कसलीशी परीक्षा पास झाला आणि देव नवसाला पावतो असं झालं! मला खरं काय ते ठाऊक होतं, तरी जाता येता मीही हात जोडायला लागले. म्हटलं, उगाच वाईटपणा कशाला.

मार्चचे शेवटचे दिवस. जेसीबी आला. सगळं गाव बघायला. ड्रायव्हरनं मशीन सुरू केलं, पुढे घेतलं, देव दिसला, मशीन बंद. खाली उतरून चपला काढून पाया पडला.

"काकाजी, भगवान पर हात नहीं डालूँगा. दूसरी जगह बताओ."

"आरं भगवान कुठला? दगड हाय तो! मी आनलाय!"

"असं बोलू नका हो काका," जोशीबाई कळवळल्या. "स्वयंभू आहे."

"स्वयंभू? हातगाडीवरनं आलाय तो!"

कुणी ऐकेना. सरपंचांचा चेहरा नुसता फुलला होता. "देवस्थान आहे म्हटल्यावर भावनांचा प्रश्न आला. आपण मोरी थोडी पुढे घेऊ. नाहीतर निधी परत जाण्यापेक्षा कमान काय वाईट?" भटजींना विचारलं, तर ते म्हणाले देव हलवायला मुहूर्त लागेल, तो आता थेट वैशाखात.

काकांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. लाल झालेला. आमच्यासाठी सगळं आटोपलं होतं! एवढे नारळ, एवढी दारं वाजवली, आणि आम्हीच घातलेल्या फुलांनी आमची मोरी बुडवली. मला रडूच यायला लागलं रागानं. काका घराकडे वळले. मला वाटलं, हरला म्हातारा.

कसला हरतो! थोड्या वेळात परत आले, हातात बादली, बादलीत भिजवलेले कपडे आणि निळा साबण. चौथऱ्यापाशी बसले. फुलं हळूच उचलून बाजूला पानावर ठेवली. घंटा काढून जोशीबाईंच्या हातात दिली. दगडावर तांब्याभर पाणी ओतलं, कुंकू धुऊन काढलं आणि तो कडक पांढरा शर्ट अंगातून उतरवून साबण लावून त्या दगडावर आपटायला लागले. थाप! थाप! थाप!

"अहो काका, काय करताय!" कुणीतरी किंचाळलं. जोशीबाईंनी डोळे मिटून घेतले. ड्रायव्हर चार पावलं मागे सरला. मी मात्र पुढे गेले, आणि मग दिसलं. दगड मधोमध गुळगुळीत झिजला होता, वाटीसारखा. देवाचा दगड असा झिजत नाही. रोज कुणीतरी वर्षानुवर्षं आपटून, घासून झिजवलेला दगड होता तो.

गर्दीतून गावातल्या बारकीआजी पुढे आल्या. वाकून दगडावर हात फिरवला.

"जगू, हा सुभद्रेचा धुन्याचा दगड ना रं?"

काकांचा हात वरच्या वर थांबला. सुभद्राकाकू म्हणजे त्यांची बायको, भाजीची पाटी घेऊन याच पाण्यातून बाजाराला जायच्या. आम्ही इथे येण्याआधीच गेलेल्या.

"हाव," ते म्हणाले.

"हा कनाला आनलास इथं? दुसरे दगड नव्हते का?"

"दुसरा असता तर कुनी रातोरात तसलाच दगड पुढं बसवला असता, नि मना समजलं पन नसतं," काका म्हणाले. त्यांनी सरपंचांकडे पाहिलंसुद्धा नाही. "हा मी अंधारात पन हातानं वलखतो."

सरपंच मोबाइलमध्ये बघायला लागले. मग जोशीबाईंनी घंटा खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला, उचला. मशीन लावायचं नाही हां, हातानं उचला." आणि आम्ही उचलला! बिल्डिंगीतल्या बायका एका बाजूनं, गावातल्या दुसऱ्या बाजूनं. काय जड होता! कुणाच्या साडीला चिखल, कुणाचं बोट चेचलं, सगळ्या एकमेकींना 'तुझ्या बाजूनं धर' म्हणून ओरडतोय आणि हसतोय. हातगाडीवर दगड चढला आणि मागे जेसीबीनं ऐन खोलगट जागी पहिला घाव घातला.

मोरी झाली. चांगली रुंद, पक्की. उद्घाटनाला सरपंचांनी नारळ फोडला, भाषणात मोरी ही आपली जुनी कल्पना असल्याचं सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. वाजवायला काय जातंय?

आषाढातली पहिली मोठी भरती आली तेव्हा सकाळी मी मुद्दाम मोरीवर गेले. रस्ता कोरडा! खालून पाणी नुसतं धावतंय. भाजीवाल्या पायांत चपला घालून बाजाराला चाललेल्या. मला राहवेना. तशीच तडक काकांच्या घरी सुटले, ही बातमी त्यांना पहिल्यांदा मीच सांगणार म्हणून.

ओटीवर त्यांची सून भाजी निवडत होती. मागून थाप थाप आवाज येत होता.

"कपडे धुवायचं मशीन नाही का घरात?" मी विचारलं.

"आहे ना. पण सासूबाई गेल्या तेव्हापासून रोज सकाळी स्वतःचे कपडे स्वतःच धुतात, त्याच दगडावर. तो दगड मोरीवर होता ना, तेवढे दिवस कपडे मला द्यायचे मशीनला. पण सकाळी उठून विहिरीपाशी जाऊन नुसते बसायचे. चहा गार व्हायचा."

मी मागच्या दारी गेले. विहिरीच्या कडेला दगड होता तिथे परत बसवलेला. काका पाठमोरे, उकिडवे बसून बनियन आपटत होते. एरवी माझी चाहूल लागली की लांबूनच 'वयनी!' करून ओरडणारा माणूस, पण आज मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "मोरीवरनं येतेय. भरती आहे मोठी. रस्ता कोरडा ठणठणीत. भाजीवाल्या चपला घालून गेल्या!"

त्यांनी वळून पाहिलं नाही. हात थांबला. मला वाटलं आता उड्या मारतील, नारळ आणायला धावतील. त्यांनी ओला तळवा दगडाच्या त्या झिजलेल्या जागेवर ठेवला आणि अगदी हळू, मी तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाले,

"ऐकलंस का गो, सुभद्रे? पाय नाय भिजत आता."