मथळ्यापुढचं टिंब

लग्नपत्रिका हातात आली, की आप्पा आधी नवरानवरीची नावं वाचत नसत. मथळ्यापुढे टिंब आहे का, ते बघत. असलं, तर जेवणाचं आमंत्रण असूनही त्यांचं तोंड कडू.

बेळगावच्या आमच्या छापखान्यात आप्पा अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे आणि मी प्रुफं तपासायचो. त्या काळी मथळ्यापुढे पूर्णविराम द्यायची सर्रास पद्धत होती. आप्पांना ती बघवत नसे. "मथळा म्हंजे दार रं. खालचा मजकूर आत यायचा असतोय. दारातच धोंडा ठेवलास तर त्यो येनार कुठनं?" असं म्हणत ते चिमट्यानं टिंबाचा खिळा उपटायचे. कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाच्या नोटिशीचंही टिंब त्यांनी उडवलं. मालकांना घाम फुटला. साहेबाला पत्ताही लागला नाही, पण आप्पा कितीतरी दिवस छाती काढून हिंडत होते.

पुढे त्यांच्या सुशीचं लग्न निपाणीच्या तंबाखूवाल्यांकडे ठरलं. बायको लवकर गेलेली. पोरीची वेणीफणीसुद्धा आप्पांनीच केलेली. पत्रिका अर्थातच त्यांनी जुळवली. व्याही प्रूफ बघायला आले आणि 'शुभविवाह'वर बोट ठेवून म्हणाले, "हितं टिंब न्हाय, आप्पा. लग्नाच्या कामात असलं अपुरं आमच्यात चालत न्हाय. अपशकुन असतोय."

मी डोळेच मिटले. याच कारणावरून आप्पांनी मामलेदाराच्या मेव्हण्याला छापखान्याबाहेर काढलं होतं. आता लग्न मोडतंय, असं मी धरून चाललो.

खिळा बसल्याचा आवाज आला. "बसीवलं, पावनं. आनि कुठं पायजे?"

व्याही दाखवतील तिथं आप्पा मुकाट टिंबं बसवत गेले. त्यांचा चेहरा बघून मला हसू आलं, आणि ते लपवायला मी शाईचा डबा शोधू लागलो.

लग्न होऊन सुशी निपाणीला गेली. श्रावणात पंचमी आली. गल्लीतल्या लेकी माहेरी येऊ लागल्या. मी आप्पांकडे गेलो, तर ते दारात बसले होते. उंबऱ्याशी पाय धुवायचा मोठा धोंडा असायचा, तो कडेला सरकवलेला.

"ह्यो का हलवला, आप्पा?"

"वाटंत नको," ते म्हणाले. रस्त्यावर टांगा वाजला, ते अर्धवट उठले. टांगा पुढे निघून गेला. परत बसत त्यांनी हळूच विचारलं, "टिंब दिलं म्हनून काय हुतंय? येईल न्हवं रं ती?"

"येतीया की, आप्पा," म्हणत मी त्यांच्याशेजारी वाट बघत बसलो.